गाडीला जुना ओरखडा आहे, म्हणून क्लेम अडवायचा? विमा प्राधिकरणाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद,
तसेच मोटार विमा विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे क्लेम विभागप्रमुख यांस,

सविनय नमस्कार वि. वि.

"मागचा बंपर आधी स्वखर्चाने दुरुस्त करून घ्या, बिल आणि फोटो पाठवा, मग डाव्या बाजूच्या क्लेमचं बघू." गेल्या पावसाळ्यात माझ्या विमा कंपनीने मला हे कळवलं. डावी बाजू, म्हणजे पुढचा फेंडर आणि दार, कुंभार्ली घाटात एक डंपर घासून गेला तेव्हा चेंबली. मागच्या बंपरचा ओरखडा त्याच्या कितीतरी आधीचा, इमारतीच्या पार्किंगमधल्या खांबाचा. क्लेम फॉर्ममध्ये मी बंपरचा ब्र काढला नव्हता. त्याचे पैसे मागितले नव्हते आणि मागणारही नव्हतो. तरीही दाराच्या क्लेमची वाट त्या बंपरवरून जात होती.

कंपनीचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. मी चिपळुणात हिशेबाची आणि कराची कामं करतो. मार्च संपला की लोक रिटर्नच्या कागदांसोबत विम्याचेही कागद टेबलावर टाकतात आणि "जरा बघा हो हे" म्हणतात. त्यातून दिसलं ते असं, की ही कुणा एका कंपनीची खोड नाही. शब्द बदलतात, सही बदलते, मागणी तीच. घरपट्टी भरायला गेलेल्या माणसाला नगरपालिकेने 'आधी भिंतींना रंग लावून या' म्हणावं, तसला हा प्रकार.

आधी कागदावर काय आहे ते पाहू. 2002 च्या मोटार टॅरिफमधून, म्हणजे तेव्हा सगळ्या कंपन्यांना बांधील असलेल्या दर आणि अटींच्या तक्त्यातून, आलेला पॉलिसीचा ठरावीक मजकूर माझ्या कागदावर आजही छापलेला आहे. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे दर 2007 पासून मोकळे झाले, अटींची भाषा मात्र बहुतेक तीच राहिली. त्यात मालकाने काय करायचं ते सांगणारी एक अट आहे: नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्या, वाहन चालवण्यायोग्य, कार्यक्षम स्थितीत ठेवा आणि कंपनीला ते तपासू द्या. ब्रेक गेलेले असताना घाट उतरलो, टायर गुळगुळीत झालेले असताना एक्स्प्रेस वे गाठला, तर कंपनीने जरूर हात वर करावेत. बंपरवरच्या रेघेने गाडीचं काय अडतं? गाडी देखणी ठेवण्याची अट मला त्या सबंध दस्तऐवजात सापडली नाही. आपल्याला सापडली तर कलमाच्या क्रमांकासह कळवावी.

खरं दुखणं याच्याही मागे आहे. तो ओरखडा मी तसाच का ठेवला? कंपनीच्याच गणिताने मला तसं करायला शिकवलं म्हणून.

नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न करणाऱ्याला हप्त्यात मिळणाऱ्या सुटीची, पायरी आपल्याला पाठ असेल. पहिलं वर्ष क्लेमविना गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50. एक क्लेम घेतला की शून्य. तो क्लेम चार हजारांचा असो की चार लाखांचा, घसरण सारखीच. आता हिशेबनीसाची सवय म्हणून मांडून दाखवतो. समजा एका गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता बारा हजार रुपये आहे आणि मालक 50 टक्क्यांवर पोचलेला आहे. मागचा बंपर फुटला. नवा बंपर सहा हजार, रंगकाम तीन हजार, मजुरी एक हजार, एकूण दहा हजार. प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा (जुनेपणाची कपात), म्हणजे सहाचे तीन हजार राहिले. रंगाचं एकत्रित बिल असेल तर त्यातलं 25 टक्के सामान धरायचं आणि त्या सामानावर निम्मा घसारा, म्हणजे 375 रुपये गेले, 2,625 राहिले. मजुरी पूर्ण धरली. बेरीज 6,625. त्यातून 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट एक हजार. हातात 5,625.

आता दुसरी बाजू. पुढच्या वर्षी बोनस शून्य, म्हणजे सहा हजार जास्त भरायचे. त्यापुढच्या वर्षी 50 ऐवजी 20 टक्के, म्हणजे 3,600 जास्त. मग 3,000, मग 1,800, मग 600. मूळ हप्ता तोच धरला तर पंधरा हजार रुपये. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता उतरतो, तेव्हा आकडा काहीसा खाली येईल. पण साडेपाच हजारांसाठी कुणी शहाणा माणूस हा सौदा करणार नाही. गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे टच-अप करून घेईल, नाहीतर 'चालतंय की' म्हणून तसाच ठेवेल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पार्किंगमध्ये चक्कर मारा, अशा 'चालतंय की' गाड्यांच्या रांगा दिसतील. त्यांच्या मालकांनी किरकोळ क्लेम न करून तुमचेच पैसे वाचवलेले आहेत. आणि तुम्ही त्याच वाचवलेल्या ओरखड्याचा पुढच्या खऱ्या अपघातात पुरावा करता, तोही त्यांच्याच विरुद्ध. बोनस शाबूत ठेवणारं ॲड-ऑन मिळतं हे मला माहीत आहे. त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि खेड-गुहागरकडच्या किती ग्राहकांना एजंटाने ते समजावून सांगितलेलं असतं, हे एकदा एजंटांनाच विचारा.

दुसरी गोष्ट दुहेरी कापाकापीची. एका ओळखीच्या बाईंच्या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं, बंपर उभा फाटला. नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने प्लास्टिक म्हणून निम्मे कापले, ते नियमाला धरून झालं. पण पुढे 'आधीचा ओरखडा' म्हणून उरलेल्यातून आणखी काही टक्के कापले. आता विचार करा. तो 50 टक्के घसारा कशाचा असतो? वस्तू जुनी झाली, वापरली गेली, नव्याची किंमत तिला राहिली नाही, याचाच ना? ओरखडा हा त्या वापराचाच भाग. एकदा वापराचे कापून पुन्हा ओरखड्याचे कापणं म्हणजे एकाच खर्चाची दोनदा वजावट. असं मी कुणाच्या रिटर्नमध्ये केलं तर आयकर खात्याची नोटीस येईल. शिवाय बंपर बदलावा लागला तो फाटल्यामुळे. ओरखड्याने कधी बंपर बदलावा लागत नाही.

गाडी पूर्णच गेली तर प्रश्न आणखी सरळ आहे. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या, आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांवर गेला की ती पूर्ण हानी धरायची. आणि अशा दाव्यासाठी आयडीव्ही हेच पॉलिसीच्या सबंध मुदतीतलं बाजारमूल्य मानायचं, त्यावर पुन्हा घसारा नाही, हे टॅरिफनेच लिहून ठेवलंय. तरी 'गाडीची अवस्था बघता' म्हणून घासाघीस सुरू होते. हप्ता घेताना अवस्था बघायची होती. तेव्हा नुसता नोंदणी क्रमांक टाकला आणि दोन मिनिटांत पॉलिसी मोबाइलवर आली.

आता गंजाबद्दल, कारण यावर कोकणातल्या माणसाने बोललंच पाहिजे. नुकसान ताजं की जुनं हे ठरवायला बहुतेक सर्व्हेअर पत्र्यावर गंज पाहतात. कोरड्या हवेत, सोलापूर-लातूरकडे उन्हाळ्यात, उघडा पडलेला पत्रा बरेच दिवस तसाच राहू शकतो, तिथे या खुणेला काही अर्थ असेल. आमच्याकडे जुलैत रंग निघालेल्या पत्र्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तांबूस झाक येते. हवेत पाणी, किनाऱ्याकडून येणारं मीठ, गाडी उघड्यावर. माझ्या दाराचं तेच झालं. अपघात झाला त्याच दिवशी मी फोन केला, फोटो पाठवले. सर्व्हेअर यायला इतके दिवस गेले की तोवर कडांना गंज धरला होता, आणि त्यांनी अहवालात दाराच्या खालच्या भागापुढे 'जुने नुकसान' लिहिलं. उशीर त्यांचा, गंज पावसाचा, भुर्दंड माझा. पहिल्याच दिवशीच्या फोटोंत तो भाग लख्ख दिसत होता, पण ते फोटो उघडून पाहिल्याचं अहवालात कुठे जाणवलं नाही.

सर्व्हेअर मंडळींवर माझा राग नाही. दिवसभर ते एका वर्कशॉपमधून दुसऱ्यात पळत असतात. पण एक बाब आपण लक्षात घ्यावी: पन्नास हजारांखालच्या मोटार क्लेमला परवानाधारक स्वतंत्र सर्व्हेअर नेमणं कंपनीवर बंधनकारक नाही. कंपनीचाच माणूस पाहून ठरवू शकतो. पोचा, ओरखडा, बंपर, आरसा हे सगळं याच रकमेत बसतं. म्हणजे 'जुनं की नवं' हा वाद जिथे सर्वांत जास्त होतो, तिथेच तटस्थ डोळा असण्याची सक्ती नाही. जिथे सर्व्हेअर असतो, तिथेही त्याचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात सांगून टाकलं आहे. क्लेम विभागातल्या पत्रांत मात्र 'सर्व्हेअरच्या अहवालानुसार' हे दोन शब्द आले की पुढची वाट बंद.

आमच्या बाजूचं काय, हे आपण विचाराल. विचारायलाच हवं. गाडी गॅरेजात लावली की पहिला प्रश्न येतो, "साहेब, मागचंही यातच बसवू का?" पार्किंगमधला ओरखडा घाटातल्या अपघातात घालायचा, दोन ठिकाणचे पोचे एका तारखेला करायचे, हे सर्रास चालतं. त्यात गॅरेजला धंदा मिळतो, मालकाला फुकटात रंग मिळतो आणि हप्ता शेवटी सगळ्यांचाच वाढतो. मला तो प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी नाही म्हटलं, तर त्याने 'कुठून आलाय हा' अशा नजरेने पाहिलं. तेव्हा कंपन्यांचा संशय हवेतला नाही, हे मी मान्य करतो. एका घटनेचा एक क्लेम, जुन्याचे पैसे नाहीत, हा नियम योग्यच. वाद त्याच्या पुढचा आहे. जुन्याचे पैसे न देणं वेगळं, आणि जुनं दुरुस्त केल्याशिवाय नव्याचे पैसे न देणं वेगळं. पहिलं न्यायाचं, दुसरी अडवणूक. आणि गंमत अशी, की ही अडवणूक प्रामाणिक माणसाचीच होते. ज्याने जुनं नव्यात गुपचूप बसवलं, त्याला बंपर दुरुस्त करून आणायला कुणी सांगत नाही.

नूतनीकरणाची तऱ्हा तर याहून वाईट. पॉलिसीत खंड पडला, किंवा नुसत्या थर्ड पार्टीवरून (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यावरून) पूर्ण विम्यावर यायचं असलं, की तपासणी. मोबाइलवर लिंक येते, गाडीभोवती फिरत व्हिडिओ काढायचा, चासी नंबर, किलोमीटर, काच, चारी बाजू. पलीकडे कुणीतरी तो बघतं आणि 'नामंजूर' असा संदेश येतो. कारण विचारलं तर 'पॅनेलवर डेंट'. माझ्याकडे हिशेबाला येणारे बाजारपेठेतले एक दुकानदार आहेत. त्यांच्या जुन्या गाडीला तीन पॅनेलवर पोचे. पूर्ण विमा हवा तर आधी तिन्ही पॅनेल रंगवून आणा, असं सांगण्यात आलं. डेंटिंग-पेंटिंगचा आकडा ऐकून त्यांनी थर्ड पार्टीच पुन्हा घेतली. ती मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे सक्तीची, तिला पोच्यांचं वावडं नाही. 1,000 ते 1,500 सीसीच्या खासगी गाडीला 2022 मध्ये सरकारने ठरवलेला दर 3,416 रुपये भरला की झालं.

यात बिघडलं काय, असं हैदराबादेत बसून वाटू शकेल. चिपळुणात बसून तसं वाटत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा गाड्या टपांपर्यंत बुडाल्या, काही वाहून एकमेकींवर चढल्या. ज्यांचा पूर्ण विमा होता त्यांना काही ना काही मिळालं. नुसती थर्ड पार्टी असलेल्यांना आपल्या गाडीसाठी एक पै मिळणं शक्यच नव्हतं, कारण ती पॉलिसी दुसऱ्याच्या नुकसानीची. दाराच्या पोच्याचा आणि इंजिनात शिरणाऱ्या पुराच्या पाण्याचा संबंध काय? काहीच नाही. पण दाराच्या पोच्यामुळे नाकारलेला विमा पुराच्या दिवशी नसतो. आपण 2047 पर्यंत सर्वांना विमा देण्याचं उद्दिष्ट जाहीर केलेलं आहे. त्यात हे तीन पॅनेलवाले दुकानदार कुठे बसतात?

म्हणून माझं मागणं. गाडीवर जुने पोचे दिसले तर कंपनीने ते खुशाल नोंदवावेत, फोटोसकट, पॅनेलवार, आणि त्याची प्रत पॉलिसीसोबत मालकाला द्यावी. आज तपासणीचा अहवाल कंपनीकडे राहतो आणि क्लेमच्या वेळी अचानक बाहेर निघतो. प्रत दोघांकडे असली तर त्या दिवशी काय जुनं होतं यावर वादच उरणार नाही, आणि गॅरेजच्या 'यातच बसवू का'लाही आपोआप आळा बसेल. नोंदवलेल्या पॅनेलचा रंग वगळायचा तर तेवढाच वगळावा, बाकीची गाडी पूर्ण विम्यात घ्यावी. चालवण्याच्या सुरक्षिततेशी संबंध नसलेल्या खुणांवरून पूर्ण विमा नाकारता येणार नाही, एवढं एक वाक्य आपल्या परिपत्रकात यावं. तडकलेली पुढची काच यात धरू नका, तिचा संबंध सुरक्षिततेशी आहे आणि तिथे कंपनीने अडून बसावं हेच बरोबर.

क्लेमच्या वेळी नव्या नुकसानीचा निर्णय जुन्यावर अडवून ठेवू नये. 'जुने' म्हणून काही नाकारायचं असेल तर कोणता भाग, कोणत्या खुणेवरून, पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली, हे लेखी द्यावं, आणि सूचना दिल्याच्या दिवशी मालकाने पाठवलेल्या फोटोंचा उल्लेख त्यात असावा. गंज हा एकटा पुरावा धरू नये, किमान जून ते सप्टेंबर कोकणात आणि गोव्यात तरी. कागद अपुरे म्हणून क्लेम नाकारता येणार नाही, असं जून 2024 च्या परिपत्रकात आपण ठणकावलं, ते फार चांगलं केलंत. माझ्या बंपरचं बिल हा त्याच जातीचा कागद आहे: क्लेमशी संबंध नसलेला, माणसाला थकवण्यासाठी मागितलेला.

आणि बोनसच्या त्या पायरीकडे एकदा नव्याने पाहावं. किरकोळ क्लेमला एक पायरी खाली आणि मोठ्याला शून्य, असं काही केलं तर लोक पोचे वेळच्या वेळी काढून घेतील. याला कंपन्यांचे हिशेबतज्ज्ञ काय आक्षेप घेतील याचा मला साधारण अंदाज आहे. किरकोळ क्लेम हाताळण्याचाच खर्च जास्त, असं ते म्हणतील. ते खोटं नाही. पण मग तो खर्च वाचवून देणाऱ्याला नंतर त्याच ओरखड्यासाठी धारेवर धरू नका.

हे पत्र वाचणाऱ्या इतर विमाधारकांसाठी दोन ओळी, कारण अनेकांना वाटतं की कंपनीचं नकाराचं पत्र आलं म्हणजे विषय मिटला. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा, नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तक्रारीसाठी प्राधिकरणाचा बिमा भरोसा हा पोर्टल आहे, 155255 हा फोन आहे. ग्राहक आयोगात स्वतःच्या जिल्ह्यातच दाद मागता येते, आणि विम्यात शुल्क ठरतं ते भरलेल्या हप्त्यावरून, त्यामुळे पाच लाखांपर्यंत तेही लागत नाही. गाडीचे चारी बाजूंचे फोटो मात्र पॉलिसी घेतली त्या दिवशीच काढून ठेवा.

मी स्वतः बंपर दुरुस्त केला नाही. कंपनीला लेखी विचारलं, की ही मागणी कोणत्या अटीखाली आहे. तीन आठवड्यांनी फेंडरचे आणि दाराच्या वरच्या भागाचे पैसे आले. दाराचा खालचा भाग 'जुना' म्हणून वगळलेलाच आहे, आणि कोणत्या अटीखाली या प्रश्नाचं उत्तर अद्याप आलेलं नाही. वगळलेल्या रकमेची तक्रार मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे पाठवली आहे. अपघाताच्या दिवशीचे फोटो, सर्व्हेअरचा अहवाल आणि कंपनीची बंपरबद्दलची ई-मेल तिला जोडली आहे. आपल्या कार्यालयाने मागितल्यास तीच कागदपत्रं हैदराबादलाही पाठवीन.

आपला,
चिपळूणचा एक विमाधारक